शिशिरातील दूरप्रवास आणि मोटारसायकलस्वारांचे मेळावे : जर्मनीतील ‘हत्ती-मेळाव्या’चा ऐतिहासिक परामर्श

प्रास्ताविक

वाहनांचा इतिहास बहुधा कारखान्यांचा, यंत्रांतील सुधारणांचा किंवा शर्यतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्याने ते वाहन विकत घेतले, त्या सामान्य माणसाने ते कोणत्या ऋतूत, कोणत्या रस्त्यावर आणि कशासाठी चालविले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. या दृष्टीने पश्चिम जर्मनीत १९५६ साली सुरू झालेला ‘एलेफांटेनट्रेफेन’ म्हणजेच हत्ती-मेळावा अभ्यासण्याजोगा आहे. ऐन हिवाळ्यात, रस्त्यावर बर्फ असेल की चिखल याची कोणतीही शाश्वती नसताना, शेकडो किलोमीटर अंतर मोटारसायकलीवरून कापून एका उघड्या मैदानावर जमायचे, एक-दोन रात्री तेथे काढायच्या आणि त्याच रस्त्याने परत फिरायचे, असे या मेळाव्याचे स्वरूप आहे. तेथे शर्यत नसते, विजेता नसतो आणि पाहण्यासारखा देखावाही फारसा नसतो.

अशा प्रवासाला साहस म्हणणे सोपे आहे. युरोपीय मोटारसायकल नियतकालिकांतील बरेचसे लेखन तसेच करते. परंतु हा मेळावा ज्या पिढीने सुरू केला तिच्या दृष्टीने हिवाळ्यात मोटारसायकल चालविणे हे साहस नव्हते, ती रोजची गरज होती. गरजेचे रूपांतर विधीत केव्हा आणि कसे झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी : मोटारसायकलीचे उतरते दिवस

महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पश्चिम जर्मनीत १९५० च्या सुमारास मोटारसायकल हे कामगार, कारकून आणि छोट्या व्यापाऱ्याचे वाहन होते. चारचाकी परवडत नव्हती, म्हणून दुचाकी घ्यायची. कुटुंब वाढले की तिला बाजूची जोडगाडी, म्हणजे साइडकार, लावायची. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्या देशात वीस लाखांहून अधिक मोटारसायकली नोंदविलेल्या होत्या. मात्र याच सुमारास चित्र पालटू लागले. ५ ऑगस्ट १९५५ रोजी फोक्सवॅगनची दहा लाखावी ‘बीटल’ मोटार कारखान्यातून बाहेर पडली. वेतन वाढले, डोक्यावर छप्पर असलेली मोटार आवाक्यात आली आणि मोटारसायकल ही गरिबीची खूण ठरू लागली.

उद्योगावर याचा आघात विलक्षण वेगाने झाला. बीएमडब्ल्यूचे मोटारसायकल उत्पादन १९५४ साली सुमारे तीस हजार होते; १९५७ साली ते साडेपाच हजारांच्या आत आले. डीकेडब्ल्यू, व्हिक्टोरिया आणि एक्स्प्रेस या तीन जुन्या नाममुद्रांना १९५८ साली एकत्र येऊन ‘झ्वायराड युनियन’ स्थापावी लागली. ९ डिसेंबर १९५९ रोजीच्या भागधारकांच्या सभेत बीएमडब्ल्यू डाइम्लर-बेंझच्या हाती जाता जाता वाचली, ही घटना तर सर्वश्रुत आहे. १९७० च्या सुमारास देशातील मोटारसायकलींची संख्या तीन लाखांच्याही खाली उतरली होती. वीस वर्षांहून कमी काळात एखादे लोकवाहन इतके दुर्मिळ व्हावे, असे उदाहरण वाहतुकीच्या इतिहासात क्वचितच सापडते.

हत्ती-मेळाव्याचा जन्म या उतरणीच्या आरंभी झाला, हे लक्षात घेतले पाहिजे. भरभराटीच्या काळात असा मेळावा कोणाला सुचला नसता. जे वाहन दारोदारी असते, त्याच्या मालकांना एकमेकांना शोधत जावे लागत नाही.

‘हिरवा हत्ती’ आणि सॉलिट्यूड

मेळाव्याला नाव मिळाले ते एका विशिष्ट गाडीमुळे. न्युरेम्बर्ग येथील झुंडाप कंपनीची केएस ६०१ ही ५९७ घन सेंटिमीटर क्षमतेची, २८ अश्वशक्तीची मोटारसायकल १९५० च्या दशकात जोडगाडी ओढण्यासाठी प्रसिद्ध होती. तिची दोन सिलिंडरे आडवी, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला बाहेर आलेली असत आणि मागच्या चाकाला शक्ती साखळीऐवजी दांड्याने पोहोचविली जाई. जड, संथ, हिरव्या रंगाची आणि कितीही ओझे घातले तरी न कुरकुरणारी ही गाडी ‘हिरवा हत्ती’ या टोपणनावाने ओळखली जाई.

‘दास मोटोराड’ या नियतकालिकासाठी गाड्यांची चाचणी घेणारे पत्रकार एर्न्स्ट लेव्हरकुस, जे वाचकांत ‘क्लाक्स’ या नावाने परिचित होते, त्यांनी जानेवारी १९५६ मध्ये केएस ६०१ च्या स्वारांना स्टुटगार्टजवळील सॉलिट्यूड येथे एकत्र बोलाविले. जमलेली मंडळी मूठभरच होती. सॉलिट्यूड हे तेथील अठराव्या शतकातील राजवाड्याचे नाव आणि त्याचा अर्थ एकान्त. दुर्मिळ होत चाललेल्या जमातीने पहिल्या भेटीसाठी अशा नावाचे ठिकाण निवडावे, हा योगायोगच म्हणायचा. कारण निवडीमागचे खरे कारण शेजारचा शर्यतमार्ग हे होते. पुढे हा मेळावा एकाच बनावटीच्या गाडीपुरता राहिला नाही. इतर बनावटींच्या गाड्याही येऊ लागल्या. नाव मात्र हत्तीचेच राहिले.

जानेवारीच का? याचे उत्तर अनेकदा मर्दुमकीच्या भाषेत दिले जाते. वस्तुतः याचे एक साधे स्पष्टीकरण संभवते. उन्हाळ्यात शर्यती आणि कौटुंबिक सहली असत. हिवाळ्यात सवड असे. शिवाय जो माणूस रोज पहाटे याच गाडीवरून कामावर जातो, त्याच्यासाठी जानेवारीतील रविवार आणि जानेवारीतील सोमवार यांत फारसा फरक नसतो. जोडगाडीचे तिसरे चाक घसरड्या रस्त्यावर तोल सांभाळते, त्यामुळे बर्फाची भीतीही एकट्या दुचाकीइतकी नसे. आडव्या सिलिंडरांची ऊब स्वाराच्या पायांना मिळते, हा त्या बनावटीचा आणखी एक गुण. आराखडा आखताना तो कोणाच्या मनात नसेल, पण हिवाळ्यात त्याचे मोल मोठे होते.

ऋतूची लहर

भारतीय ऋतुगणनेत माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. मराठी वाचकाला शिशिर म्हटले की पानगळ आणि पहाटेचा गारठा आठवतो. मध्य युरोपातील याच काळाचे वैशिष्ट्य थंडीपेक्षाही अनिश्चितता हे आहे. अटलांटिकवरून येणारी दमट, उबदार हवा आणि रशियाकडून येणारी कोरडी, गोठविणारी हवा यांची सीमारेषा या दिवसांत जर्मनीवरून पुढे-मागे सरकत राहते. गोठलेल्या जमिनीवर उबदार हवेतून पाऊस पडला की तो स्पर्श होताच बर्फ बनतो. रस्ता ओला दिसतो, पण असतो काचेसारखा. चार चाकांच्या मोटारीला तो धोकादायक असतो. दोन चाकांवर तर तेथे कौशल्याचा उपयोगच उरत नाही.

काही वर्षांचे उदाहरण बोलके आहे. १९५६ चा जानेवारी मध्य युरोपात बराचसा सौम्य गेला आणि पहिल्या मेळाव्याच्या महिन्याअखेरीस हवा अचानक फिरली. त्या वर्षीचा फेब्रुवारी विसाव्या शतकातील सर्वांत कडक थंडीच्या महिन्यांत गणला जातो. मेळावा चार आठवडे पुढे ढकलला गेला असता, तर ही परंपरा पहिल्याच वर्षी खुंटली असती, असा तर्क करण्यास जागा आहे. १९६३ च्या फेब्रुवारीत जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील बोडेनझे हे विस्तीर्ण सरोवर पूर्णपणे गोठले. १९७८ च्या शेवटच्या दिवसांत उत्तर जर्मनीत पावसाळी, उबदार हवेचे रूपांतर अत्यल्प काळात हिमवादळात झाले. तापमान शून्याच्या वरून थेट उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत कोसळले आणि गावेच्या गावे संपर्काबाहेर गेली. हिवाळ्यात प्रवासास निघणाऱ्या स्वाराला निघतानाची हवा आणि पोहोचतानाची हवा एकच असेल असे गृहीत धरता येत नव्हते.

वाऱ्याचा परिणाम हा स्वतंत्र विषय आहे. २००१ साली उत्तर अमेरिकेत स्वीकारण्यात आलेल्या शीतवाऱ्याच्या सूत्राने हिशेब केल्यास, तापमान शून्य अंश असताना ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उघड्या त्वचेला उणे १० अंशांइतकी थंडी जाणवते. तापमान उणे १० असेल तर उणे २४ इतकी. आज विजेवर तापणारे हातमोजे आणि जाकिटे मिळतात. १९५० च्या दशकातील स्वारापाशी जाड कोट, कातडी पोशाख आणि छातीशी खोचलेले वर्तमानपत्राचे थर एवढीच सामग्री असे. सहा व्होल्टची विद्युत यंत्रणा थंडीत मलूल होई, घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन लाथेने सुरू करणे कठीण जाई, आणि रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीचा पत्रा खात राही. या सर्व अडचणी प्रवासवर्णनांत येतात खऱ्या, पण त्या आठवणी पोहोचलेल्यांच्या आहेत. अर्ध्या वाटेवरून परतलेल्याने लेख लिहिला नाही, आणि जो परतलाच नाही त्याच्याकडून तो येणे शक्य नव्हते. मेळाव्याच्या इतिहासाची साधने, म्हणजे नियतकालिकांतील वृत्तान्त, छायाचित्रे, दरवर्षी मिळणारे बिल्ले, ही सर्व या एका बाजूला झुकलेली आहेत. इतिहासकाराने त्यांचा उपयोग करताना हे भान ठेवणे अगत्याचे आहे.

नुर्बर्गरिंगचा कालखंड

१९६१ साली मेळावा आइफेल डोंगराळ भागातील नुर्बर्गरिंग या शर्यतमार्गावर गेला आणि १९७७ पर्यंत तेथेच भरला. १९५८ साली स्थापन झालेल्या ‘बुंडेसफेरबांड डेअर मोटोराडफारर’ या मोटारसायकलस्वारांच्या संघटनेचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. या सोळा-सतरा वर्षांत मेळाव्याचे अंतरंगच बदलले, म्हणून हा कालखंड सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो.

सुरुवातीच्या वर्षांत येथे येणारा स्वार हा काळाच्या ओघात मागे राहिलेला, किंवा मुद्दाम मागे राहिलेला माणूस होता. त्यांत स्त्रियाही होत्या. पत्रकार आणि स्वार आंके-एव्ह गोल्डमान यांचे नाव येथे घ्यावेच लागते. स्त्री असल्याने शर्यतीचे दरवाजे त्यांना बंद होते. हिवाळी रस्त्याला मात्र असा नियम नव्हता. बीएमडब्ल्यूवरून हत्ती-मेळाव्यास जाणाऱ्या गोल्डमान यांची छायाचित्रे आणि त्यांचा अंगसरशी बेतलेला, एकसंध कातडी पोशाख त्या काळात गाजला. स्त्री मोटारसायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची युरोपीय शाखा १९५८ साली उभी करण्यातही त्यांचा वाटा होता. पुढे साहित्य आणि चित्रपट यांनी कातडी पोशाखातील स्त्रीस्वाराची जी मादक प्रतिमा रंगविली, तिच्यात थंडी, मीठ आणि ग्रीस यांचा मागमूस राहिला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१९६९ साली होंडाची सीबी ७५० आली, त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने बर्लिनमध्ये नवी मालिका बनविण्यास सुरुवात केली आणि मोटारसायकल पुन्हा विकली जाऊ लागली. मात्र आता ती गरज म्हणून घेतली जात नव्हती. ज्याच्या घरी मोटार आहे, असा तरुण हौसेसाठी मोटारसायकल घेत होता. त्याच्यासाठी हिवाळ्यात दूरवर जाणे ही निवड होती, आणि निवड असल्यामुळेच ती काहीतरी सिद्ध करण्याची संधी होती. मेळाव्यास येणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. इटली, नेदरलँड्स, ब्रिटन येथूनही स्वार येऊ लागले. गर्दीबरोबर दारू, गोंगाट, शर्यतमार्गावरील बेफाम वेग आणि अपघातही आले.

येथे एक आकडा ध्यानात ठेवावा लागतो. १९७० साली पश्चिम जर्मनीत रस्त्यावरील अपघातांत एकोणीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या देशातील हा उच्चांक होय. १९७२ मध्ये गावाबाहेरील साध्या रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली, तर १९७६ पासून मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण बंधनकारक झाले. वेग आणि मृत्यू यांविषयीची समाजाची सहनशीलता संपत आली होती. १९७६ च्या ऑगस्टमध्ये निकी लाउडा यांच्या भीषण अपघातानंतर नुर्बर्गरिंगच्या जुन्या लांब मार्गावरील फॉर्म्युला वन शर्यतीही थांबल्या. हत्ती-मेळाव्याचे तेथील पर्व पुढच्याच वर्षी संपावे, यामागे कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु दोन्ही घटनांची हवा एकच होती.

मेळाव्यातील एक प्रथा या संदर्भात मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. सरत्या वर्षात रस्त्यावर मरण पावलेल्या स्वारांच्या स्मरणार्थ शनिवारी सायंकाळी मशालींची मिरवणूक निघते. आपल्या छंदाची किंमत इतक्या उघडपणे मान्य करणारे क्रीडामेळावे थोडे. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की, मृतांना मशाल दाखविणे आणि मृत्यू टाळण्यासाठी काही करणे या भिन्न गोष्टी आहेत. स्वारांच्या संघटनेने सुरक्षित वाहनचालनाच्या शिक्षणास दिलेले महत्त्व हे त्या प्रथेइतकेच दखलपात्र मानावे लागते, जरी छायाचित्रे नेहमी मशालींचीच निघतात.

शेजारच्या परंपरा

कल्पनेचा प्रसार लवकर झाला. उत्तर वेल्समध्ये कॉन्वी येथील मोटारसायकल मंडळाने १९६२ साली ‘ड्रॅगन रॅली’ सुरू केली. ती फेब्रुवारीत भरते. तिचा पहिला मेळावा झाला आणि पुढचाच हिवाळा ब्रिटनच्या इतिहासातील ‘महाथंडी’चा ठरला : डिसेंबर १९६२ च्या अखेरीपासून मार्च १९६३ च्या आरंभापर्यंत देशाचा बराच भाग बर्फाखाली होता. एरवी वेल्समधील फेब्रुवारी हा बर्फापेक्षा पावसाचा, आणि शून्याच्या जरा वर रेंगाळणाऱ्या ओल्या थंडीचा असतो. अनेक स्वारांच्या मते ती कोरड्या बर्फाहून वाईट.

जर्मनीच्या फाळणीमुळे पूर्वेकडील स्वारांना हत्ती-मेळाव्यास जाणे अशक्य होते. त्यांनी आपली वेगळी परंपरा उभी केली. सॅक्सनीतील आउगुस्टुसबुर्ग येथील किल्ल्यात १९७१ पासून जानेवारीत हिवाळी मेळावा भरू लागला. एमझेड मोटारसायकलींचा कारखाना असलेले त्शोपाउ हे गाव तेथून जवळच. पश्चिमेत मोटारसायकल हौस झाली होती, त्या काळातही पूर्वेत ती बहुतांशी गरजच होती. मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे १९५६ च्या सॉलिट्यूडचा खरा वारसा काही काळ सीमेपलीकडे होता, असे म्हणता येईल.

अमेरिकेतील डेटोना येथील परंपरा याहून जुनी. तेथील समुद्रकिनाऱ्यावर २०० मैलांची पहिली शर्यत २४ जानेवारी १९३७ रोजी झाली आणि तिच्याभोवती पुढे मार्चमधील मोठा मेळावा वाढला. परंतु डेटोनाकडे निघालेला उत्तरेचा स्वार बर्फातून उन्हाकडे जातो. थंडी हा त्याच्या वाटेतील अडथळा असतो. हत्ती-मेळाव्यात ती मुक्कामाचे ठिकाण असते. भारतात ‘इंडिया बाइक वीक’ हा मेळावा गोव्यात वागातोर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रथम भरला, त्याचे नाते या दृष्टीने डेटोनाशी अधिक जुळते. मुंबई-पुण्याहून घाट उतरून जाणाऱ्याला वाटेत पहाटेचा गारठा लागेल, पण शेवटी समुद्रच भेटणार.

साल्झबुर्ग आणि सोला

नुर्बर्गरिंगनंतर मेळावा १९७८ पासून ऑस्ट्रियातील साल्झबुर्गरिंगवर भरू लागला. या दशकभराविषयी सांगण्यासारखे तुलनेने थोडे आहे. १९८९ साली तो बव्हेरियन अरण्यातील थुर्मान्सबांगजवळच्या सोला या गावी आला आणि तेथे स्थिरावला. करोना महामारीमुळे २०२१ साली तो होऊ शकला नाही.

सोलाचे मैदान कढईसारखे खोलगट आहे. रात्री जड, थंड हवा उतारावरून खाली घरंगळत येते आणि तळाशी साचते. म्हणून तंबू कोठे ठोकायचा हा तेथे अनुभवाचा विषय असतो. जमिनीवर पेंढा पसरून त्यावर तंबू उभारतात. हवा फिरली तर हाच पेंढा चिखलात रुतलेल्या चाकांखाली घालावा लागतो. गाडी मोटारीमागे लादून जवळच्या गावापर्यंत आणायची आणि शेवटचे काही किलोमीटर तेवढे चालवायचे, अशा पाहुण्यांविषयी जुने स्वार तुच्छतेने बोलतात. या तुच्छतेत अहंकार आहे हे खरे. पण मेळाव्याचा एकमेव अलिखित नियम तिच्यात सामावलेला आहे. तेथे प्रवेशाची पात्रता पैशाने किंवा गाडीच्या किमतीने ठरत नाही, वाटेने ठरते.

हे स्थलांतर झाले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत कोसळली. सोला हे चेक सीमेपासून फार दूर नाही. देशाच्या एका अडगळीच्या कोपऱ्यात गेलेला मेळावा अचानक युरोपच्या मध्यभागी आला. पूर्वेकडील एमझेड आणि जावा गाड्यांच्या स्वारांना आता वाट मोकळी झाली.

नव्या काळातील अडचण मात्र हवेची नव्हती, कायद्याची होती. डिसेंबर २०१० मध्ये जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर बंधनकारक करण्यात आले आणि नियमाच्या शब्दांत मोटारसायकलीही आल्या. मोठ्या गाड्यांसाठी असे टायर बाजारात सहज मिळत नसल्याने हिवाळी स्वार बर्फ पडताच कायदेभंगाच्या छायेत येई. २०१७ च्या दुरुस्तीने दुचाकींना यातून वगळण्यात आले. सुरक्षिततेसाठी केलेला नियम सर्वांत अनुभवी हिवाळी चालकांनाच अडचणीत आणतो, आणि शेवटी अपवाद करूनच प्रश्न सुटतो, हा या प्रकरणाचा विशेष.

ज्या कंपनीच्या गाडीने मेळाव्याला नाव दिले, ती झुंडाप हे नवे पर्व पाहण्यास उरली नव्हती. १९५८ मध्ये न्युरेम्बर्ग सोडून म्युनिकला गेलेली ही कंपनी छोट्या गाड्यांवर तगून राहिली आणि १९८४ साली दिवाळखोरीत निघाली. तिची यंत्रसामग्री चीनला विकली गेली. तिच्या काही आराखड्यांवरून मद्रासच्या एन्फिल्ड इंडिया कंपनीने १९८० च्या दशकात एक्सप्लोरर, सिल्व्हर प्लस आणि फ्युरी या हलक्या गाड्या भारतीय बाजारात आणल्या होत्या. महाराष्ट्रातील रस्त्यांवरही त्या काही वर्षे दिसल्या. केएस ६०१ चे उत्पादन तर १९५० च्या दशकातच थांबले होते. तरीही जुने हिरवे हत्ती पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत. नुर्बर्गरिंगवर जुन्या गाड्यांच्या स्वारांचा वेगळा हिवाळी मेळावा पुढे फेब्रुवारीत भरू लागला, आणि त्याचे नाव त्यांनी ‘जुना हत्ती-मेळावा’ असे ठेवले.